एका खोट्याची मुभा

कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराला जी पत्रे येतात त्यांत अलीकडे एक नवा प्रकार वाढला आहे. पूर्वी पत्रे येत ती 'तुमची नायिका शेवटी माहेरी का निघून गेली?' अशा थाटाची. आता सोळा-सतरा वर्षांची मुलेमुली विचारतात, 'सर, मला विज्ञानकथा लिहायची आहे, कशी लिहू?' कुणाला परग्रहावरचे राज्य सुचलेले असते, तर कुणाला सह्याद्रीच्या पोटात हजारो वर्षे निजून राहिलेला अजस्र प्राणी. प्रश्न मात्र ठरलेले तीन असतात. कल्पना सुचावी कशी, छापून यावी कुठे आणि त्यावर पोट भरेल का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींची उत्तरे मी जमतील तशी देतो. पण एक चौथा प्रश्न आहे, आणि तो आजवर एकाही पत्रात मला आढळलेला नाही. तो असा: 'या गोष्टीत मी खोटे किती बोलू?'

कुणी म्हणेल, यात विचारायचे काय? कथा म्हटली की ती खोटीच. हे खरे, परंतु खोट्याखोट्यांत फरक असतो. मी खेड्यातल्या भावबंदकीवर कादंबरी लिहितो तेव्हा माझ्यावर हजार डोळ्यांचा पहारा असतो. शाळू कधी काढतात, सातबारा कुणाकडून मिळतो, बाराव्याला कोण कोण जेवायला बसते, यांत मी चुकलो तर बाजारच्या दिवशी कुणीतरी मला हटकून अडवतो. पण दोन सूर्य असलेल्या ग्रहावर शाळू कधी काढतात हे मला कोण विचारणार? अद्भुत लिहिणाऱ्यावर बाहेरचा पहारा नाही. त्याला काहीही करता येते आणि त्याला कुणी पकडू शकत नाही.

प्लेटोने एका धनगराची गोष्ट सांगितली आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो कुणाला दिसेनासा होतो. दिसत नाही असे कळताच हा गृहस्थ राणीला फितवतो, राजाला मारतो आणि सिंहासनावर बसतो. कोणी पाहत नसताना माणूस भला राहील काय, असा त्या गोष्टीतला सवाल आहे. मला वाटते, परग्रहावरची किंवा जादूच्या राज्याची गोष्ट लिहायला जो बसतो त्याच्या बोटात ती अंगठी आलेलीच असते. म्हणून त्याच्या कारागिरीचा प्रश्न आणि नीतीचा प्रश्न हे दोन वेगळे काढता येत नाहीत.

आपल्या मराठी कादंबरीने तर बालपणीच ही अंगठी घालून पाहिली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली. राजपुत्र, राजकन्या, विमान, वियोग आणि पुनर्भेट असा सारा सरंजाम. रिसबुडांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकले आहे की, आपल्या लोकांच्या चालीरीती आणि विवाहपद्धती अशा की त्यांच्या आयुष्यात गोडी वाटावी असे काही घडतच नाही. ते जसेच्या तसे लिहिले तर वाचणाराला कंटाळा येईल, सबब अद्भुत लिहिणे भाग आहे. आज आपण या कैफियतीला हसतो. पण पत्रे पाठवणाऱ्या माझ्या मुलांपैकी निम्म्यांच्या मनात नेमके हेच असते. 'आमच्या गावात काय घडतंय सर? म्हणून मी मंगळावरची गोष्ट लिहिली.' मंगळावर जायला माझी ना नाही. पण गावात काही नाही म्हणून मंगळावर गेलेल्या माणसाला तिथेही काही सापडत नाही, असा अनुभव त्या वह्या वाचताना येतो. हरिभाऊ आपट्यांनी त्याच चालीरीतींत, त्याच विवाहपद्धतीत 'पण लक्षात कोण घेतो?'ची यमू शोधून काढली, ती रिसबुडांनंतर पंचवीस वर्षांच्या आत. तेव्हा उणीव आयुष्यात नव्हती.

मग खोटे बोलावे तरी किती? माझ्या मते याचे सर्वांत सरळ उत्तर एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने दिले. १९३३ साली आपल्या वैज्ञानिक कादंबऱ्यांच्या एकत्रित आवृत्तीला त्याने प्रस्तावना लिहिली. तीत तो म्हणतो त्याचा आशय असा की, अशक्य गोष्ट एकच घ्यावी; बाकी सगळे आपल्या रोजच्या जगातले, माणसाचे, घरचे असावे. काहीही घडू शकते असे एकदा ठरले की कशातच रस उरत नाही. म्हणजे एका खोट्याची मुभा. ते एक खोटे वाचकाकडून उसने मागून घ्यायचे आणि पुढे पानापानाला ते फेडायचे.

आणि वेल्सने ते कसे फेडले पाहा. १८९७ सालची त्याची 'अदृश्य माणूस' मी दरवर्षी नववीच्या मुलांना थोडक्यात सांगतो. अदृश्य झालेला मनुष्य म्हटल्याबरोबर वर्गातल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे 'मिस्टर इंडिया' उभा राहतो. १९८७ साली आलेल्या त्या चित्रपटातल्या नायकाच्या मनगटावर यंत्र असते आणि त्याच्याबरोबर त्याचे कपडेही दिसेनासे होतात. वेल्स म्हणतो, नाही, अदृश्य झाले ते फक्त शरीर. कपडे दिसणारच. मग लपायचे तर कपडे काढले पाहिजेत. आणि महिना कुठला, तर लंडनमधला जानेवारी! तिथे हा गृहस्थ उघड्या अंगाने कुडकुडत रस्त्याने चालला आहे. पायांना चिखल लागला की नुसती पावले उमटत जातात आणि पोरे त्यांच्या मागे लागतात. कुत्र्यांना तो दिसत नाही, पण वास येतो. जेवला तर पोटातले अन्न पचेपर्यंत हवेत लोंबकळलेले दिसणार, म्हणून जेवायचीही चोरी. सर्दी झाली तर शिंक काही अदृश्य होत नाही. ज्या सामर्थ्याने प्लेटोचा धनगर राजा झाला त्याच सामर्थ्याने वेल्सचा शास्त्रज्ञ हवालदिल होतो, कारण लेखकाने त्याला थंडी, चिखल आणि भूक यांपैकी एकाही गोष्टीतून सूट दिलेली नाही. ('मिस्टर इंडिया'लाही मी एका गोष्टीचे श्रेय देतो. लाल काचेतून तो दिसतो हा एक नियम त्या चित्रपटाने इमानाने पाळला, आणि त्यातले चांगले प्रसंग त्या नियमावरच उभे आहेत.)

वेल्सची गोष्ट निघाली की ज्यूल व्हर्नचे नाव निघतेच. भा. रा. भागवतांनी त्याला मराठीत आणले आणि आमच्यासारख्या किती पोरांच्या सुट्ट्या त्याने खाल्ल्या याचा हिशेब नाही. या दोघांत एक मजेदार वाद झालेला आहे. १८६५ सालच्या आपल्या कादंबरीत व्हर्नने चंद्राकडे माणसे पाठवली ती प्रचंड तोफेत घालून. वेल्सने १९०१ साली पाठवली ती 'कॅव्होराइट' नावाच्या, गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका काल्पनिक द्रव्याच्या जोरावर. म्हातारा व्हर्न १९०३ साली एका मुलाखतीत तक्रार करू लागला: मी खरे पदार्थविज्ञान वापरतो, हा मनाला येईल ते रचतो, कुठे आहे तो धातू, दाखवा म्हणावे.

तक्रार ऐकताच आपण व्हर्नच्या बाजूला होतो. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही, शास्त्रज्ञांच्या भांडणात पडण्याचा मला अधिकार नाही. पण आमच्या विज्ञानाच्या बाईंचा एक तास मागून घेऊन मी फळ्यावर ते गणित मांडले. व्हर्नची तोफ ९०० फूट लांब, म्हणजे सुमारे २७४ मीटर. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. नववीच्या पुस्तकातले गतीचे समीकरण घ्या. अंतिम वेगाचा वर्ग बरोबर दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. त्वरण निघते ते गुरुत्वत्वरणाच्या बावीस हजार पटींच्याही वर! एका मुलीने हिशेब करून सांगितले की पन्नास किलोच्या माणसाला त्या क्षणी आपले वजन अकराशे टन वाटेल. वर्ग आधी हसला आणि मग गप्प झाला. व्हर्नचे तिघेही प्रवासी, त्यांची कुत्री आणि कोंबड्या यांसकट, तोफेच्या तोंडातून बाहेर पडण्यापूर्वीच संपलेले होते. गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवून व्हर्नने त्यांना वाचवल्यासारखे केले आहे, पण त्या पाण्याने काय होणार?

व्हर्नवर माझे प्रेम आहे आणि ते या गणिताने कमी झालेले नाही. पण वादाचा निकाल मात्र माझ्या मनात फिरला. वेल्सने खोटे उघड्यावर मांडले: हा बघा पदार्थ, असा कुठे नसतो, पण आहे असे समजू या. व्हर्नचे खोटे आकड्यांच्या गर्दीत उभे आहे. तोफेची लांबी, दारूचे वजन, गोळ्याची जाडी हे सगळे काटेकोर आणि मधोमध एक न बोललेली अशक्य गोष्ट. सांगून बोललेले खोटे आणि न सांगता खपवलेले खोटे यांत नीतीच्या दृष्टीने प्रामाणिक कोणते, हे मुलांना विचारावे लागले नाही.

हा भेद नुसता पुस्तकी नाही. आपल्या घराघरांत तो रोज येऊन धडकतो. हातातल्या फोनवर सकाळी संदेश येतो की अमुक ग्रंथात अणुबाँबची कृती आहे, तमुक झाडाचा रस घेतल्याने कर्करोग जातो, अमक्या रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार. यांतली प्रत्येक कल्पना एखाद्या विज्ञानकथेत शोभली असती. कथेच्या डोक्यावर 'कथा' अशी पाटी असते, आणि संदेशाच्या डोक्यावर 'शंभर टक्के खरे, पुढे पाठवा' अशी. एवढ्या एका पाटीच्या फरकाने माणसे औषध टाकून झाडाचा रस पिऊ लागतात.

डॉ. जयंत नारळीकरांचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव बनवले आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. त्या वेळी ते जगद्विख्यात होते. नाव पाहून परीक्षक भुलू नयेत एवढाच हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. (खरी पारख व्हावी म्हणून खोटे नाव घेणे, हेही एक चांगल्या जातीचे खोटे.) पुढे 'यक्षांची देणगी' आली, 'वामन परत न आला' आली, आणि परग्रहवासी, कालप्रवास, संगणकांचे बंड असे सर्व काही त्यांनी कागदावर घडवले. आणि याच माणसाने २००८ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन फलज्योतिषाची रीतसर चाचणी केली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. बरोबर आली ती सरासरी शेकडा ४६. नाणे उडवून सांगितले असते तरी शेकडा ५० च्या आसपास आली असती. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा वर्गात मुलांना मी त्यांच्या कथांबरोबर ही चाचणीही सांगितली. यक्षांना कथेत जागा देणारा माणूस ज्योतिष्यांना व्यवहारात जागा देत नाही, याचे काही मुलांना नवल वाटले. मला यात विसंगती दिसत नाही. खोट्याशी ज्याचा रोजचा व्यवहार आहे त्याला ते कुठवर येऊ द्यायचे हे नीट माहीत असते.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो जोरदार आहे. वेल्सचा नियम विज्ञानकथेला ठीक, पण निखळ अद्भुताचे काय? तिथे राक्षस आहेत, बोलणारी झाडे आहेत, मंत्र आहेत. एका खोट्यावर भागायचे कसे? याला माझ्यापाशी पुस्तकातले उत्तर आहे आणि आजीचे आहे. आजीचे आधी सांगतो. राक्षसाचा जीव पोपटात, पोपट पिंजऱ्यात, पिंजरा सात समुद्रांपलीकडच्या बेटावर, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कोणत्या घरात सांगितली गेली नाही? तिच्यात खोटे पुष्कळ आहे, पण एकदा सांगितले की आजी त्याला बांधलेली असते. राक्षस तलवारीने मेला असे तिने कंटाळून सांगून पाहावे, मांडीवरचे चार वर्षांचे पोर ताडकन उठून बसेल: 'पण त्याचा जीव तर पोपटात होता!' त्या पोराला राक्षस असतात याबद्दल तक्रार नसते. शब्द मोडल्याबद्दल असते.

पुस्तकातले उत्तर टॉल्किनचे. ऑक्सफर्डचा हा प्राध्यापक भाषाशास्त्र शिकवी, आणि १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरीला त्याची बारा-तेरा वर्षे लागली होती. तीत बुटकी माणसे आहेत, जादूगार आहेत आणि, योगायोग पाहा, घालणाऱ्याला अदृश्य करणारी एक अंगठीही आहे. पण त्या नसलेल्या जगात वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या प्रवाशांना एकाच रात्री दिसणारा चंद्र एकाच कलेचा असला पाहिजे म्हणून त्याने तिथी जुळवत मजकूर पुन्हापुन्हा दुरुस्त केला. आपल्याकडे पंचांग भिंतीवर असते म्हणून आपल्याला याची मातब्बरी वाटणार नाही. पण लिहिणाराने चुकीची पौर्णिमा घातली असती तर लाखात एका वाचकाने तरी ती पकडली असती काय? बाहेर पहारा नव्हता. तो त्याने स्वतः बसवला.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नऊशे पानांची कादंबरी माझ्याकडे आणून दिली. तो एका पतसंस्थेत कारकून आहे. घरात आई, बायको आणि एक मुलगी. कादंबरीतल्या राज्यात पाणी विकत मिळते, आणि पैसा नसेल तर माणसे आपली एखादी आठवण गहाण ठेवून पाणी नेतात. कल्पना ऐकून मी सरसावून बसलो. आणि खरोखर, पहिल्या तिनशे पानांत मी हरवून गेलो. गहाणखात्याच्या खिडकीशी रांग लागली आहे. एक म्हातारी आपल्या लग्नाच्या दिवसाची आठवण घेऊन आली आहे. कारकून ती तराजूत घालतो आणि म्हणतो, 'आजी, यात घट फार आहे, रडण्याचं वजन धरता येत नाही.' व्याज थकते, नोटीस निघते, लिलाव होतो आणि म्हातारीच्या लग्नाचा दिवस कुणी परकाच विकत घेऊन जातो. सोनेतारणाच्या टेबलावर वर्षानुवर्षे बसल्याशिवाय ही पाने कुणाला लिहिता येणार नाहीत.

पण शेवटाकडे नायक एका तपस्व्याला भेटतो, तपस्वी हात वर करतो आणि राज्यातल्या सर्वांच्या सर्व आठवणी फुकट परत येतात. मी त्याला म्हटले, 'बाबा रे, तिनशे पाने तू मला पैन् पैचा हिशेब दाखवलास आणि शेवटी सगळ्यांची खाती माफ केलीस. ज्या म्हातारीसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आले तिचे दुःख खोटे होते असे आता मी समजू काय?' तो म्हणाला, 'सर, पण लोकांना शेवट गोड लागतो.' गोड शेवटाला माझा विरोध नाही. दिवाळीच्या दिवसांत तर नाहीच. पण गोड पदार्थालाही साखर कुणीतरी विकत आणलेली असावी लागते.

त्याला मी ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेची गोष्ट सांगितली. १९७९ सालच्या तिच्या 'किंड्रेड' कादंबरीत कॅलिफोर्नियात राहणारी एक काळी तरुणी अचानक दीडशे वर्षे मागे, गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. कशी, ते लेखिका सांगत नाही; ना यंत्र, ना मंत्र. तेवढे एक खोटे. बाकी चाबूक, स्वयंपाकघर, शेतावरची कामे, कुणी कुणाकडे मान वर करून पाहायचे नाही, हे सगळे खरे. ते समजून घ्यायला ती स्वतः मेरीलँडला जाऊन आली होती. आणि शेवटी ती नायिका आपल्या काळात परत येते तेव्हा तिचा डावा हात मागे राहतो. त्या काळातून कुणी धडधाकट परत आले असे लिहायला लेखिकेचे मन धजले नाही, एवढेच मला त्यातून समजते.

यावर त्याने मूळ प्रश्न विचारला. नोकरी सोडू का?

सल्ला देणे सोपे असते, कारण त्याची किंमत दुसरा भरतो. मी उत्तर द्यायला आठ दिवस घेतले. या धंद्यातला सर्वांत प्रसिद्ध उपदेश रॉबर्ट हाइनलाइनचा, १९४७ सालचा. त्याचे नियम पाच: लिहा, सुरू केलेले पुरे करा, संपादकाने मागितल्याशिवाय पुन्हा लिहीत बसू नका, बाजारात पाठवा, विकले जाईपर्यंत पाठवत राहा. पहिले दोन मी डोळे मिटून मान्य करतो. वह्या भरून अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. शेवटचे दोनही ठीक. एका संपादकाकडून साभार परत आले की कथा ट्रंकेत टाकणारे आपले लोक त्यातून काही शिकतील तर बरे. तिसरा मात्र मला पटत नाही. तो शब्दाला सेंट अशा दराने मोबदला देणाऱ्या अमेरिकन मासिकांच्या काळातला आहे. तिथे दुसऱ्यांदा लिहिणे म्हणजे बुडीत मजुरी. आपल्याकडे मजुरीच इतकी थोडी की ती बुडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. दिवाळी अंकातल्या कथेचे मानधन येते. कधी नुसता अंक येतो. पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षे लागतात. याबद्दल कुरकुर करून उपयोग नाही, पण तरुणांपासून ते लपवणेही बरे नाही. तेव्हा पुन्हा लिहा, तीनदा लिहा. तेवढी एक चैन आपल्याला परवडते.

राहिली नोकरी. आयझॅक असिमॉव्ह लहानपणी बापाच्या ब्रुकलिनमधल्या दुकानात काम करी आणि तिथेच विकायला आलेली विज्ञानकथांची मासिके वाची. पुढे तो बोस्टन विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवू लागला, आणि शिकवणे सोडले ते १९५८ साली, लेखनाचे उत्पन्न पगारापुढे गेल्यावर. बटलर रात्री दोन वाजता उठून लिही आणि दिवसा मिळेल ते काम करी; भांडी घासली, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात खराब वेफर्स निवडण्याचे काम केले. वेल्स तर पोरवयात दोन वर्षे कापडदुकानात उमेदवारी करत होता आणि त्या दुकानाचा त्याला मनस्वी तिटकारा होता. नंतर तो आमच्यासारखा मास्तर झाला. पण अदृश्य माणूस गारठून जातो तेव्हा लपायला कुठे शिरतो? लंडनमधल्या एका मोठ्या दुकानात. आणि रात्री नोकर गेल्यावर मालावर चादरी कशा घालतात, खुर्च्या कशा उलट्या ठेवतात, कुठल्या कपाटात लोकरीचे कपडे असतात, हे वेल्स असे सांगतो की आपण अदृश्य माणसाची गोष्ट वाचतो आहोत हे विसरून जावे.

मी त्या विद्यार्थ्याला लिहिले की, नोकरी सोडण्याचा अधिकार तुझा, पण तुझ्या आईचे आणि मुलीचे त्यात मत घे, कारण त्यांच्या पाण्याचा प्रश्न तुझ्या कादंबरीतल्या राज्यातला नाही. आणि दुसरे असे की, तुझ्या नऊशे पानांतली तिनशे ज्या टेबलावरून आली ते टेबल सोडण्यापूर्वी उरलेली सहाशे तिथे बसून पुन्हा लिहून पाहा. त्याला हे आवडले नसावे. काही दिवसांनी बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, 'सर, तुम्ही स्वतः कधी नोकरी सोडली नाहीत, म्हणून असं सांगता.' बोलणे खोटे नव्हते. सल्ला देणारा आपल्याच आयुष्याची वकिली करत असतो, हे ऐकणाऱ्याने ध्यानात धरावे. मी ते त्याला पत्रातच लिहायला हवे होते की नाही, याचा मी अजून विचार करतो आहे.

व्हर्नलाही तरुणपणी असा एक सल्ला मिळाला होता. तेव्हा तो पॅरिसच्या शेअरबाजारात काम करी आणि पहाटे उठून लिही. पहिली कादंबरी गाजल्यावर त्याने प्रकाशक हेट्झेल याच्याकडे दुसरे एक हस्तलिखित दिले: १९६० सालच्या पॅरिसची कथा. तीत जलद गाड्या होत्या, विजेने उजळलेले रस्ते होते, हिशेब करणारी यंत्रे होती, दूरवर चित्र पाठवणारी साधने होती. आणि एक तरुण कवी होता, ज्याच्या कवितांची त्या झगमगाटात कुणालाच गरज नव्हती. त्याची नोकरी जाते, भाकरी महाग होते, आणि उरलेल्या शेवटच्या पैशांतून तो खाणे विकत न घेता एका मुलीसाठी फुले घेतो. हेट्झेलने ते परत केले. तुमच्या या भाकितावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असे त्याने कळवले. व्हर्नने सल्ला मानला, हस्तलिखित ठेवून दिले आणि मग तो चंद्रावर, समुद्राच्या तळाशी, पृथ्वीच्या पोटात जाऊन आला. त्याच्या मृत्यूनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी, १९८९ साली, त्याच्या पणतवाला घरातल्या एका जुन्या तिजोरीत ती पाने सापडली आणि १९९४ साली ती छापली गेली. तोवर १९६० साल उलटून चौतीस वर्षे झाली होती. गाड्या, दिवे आणि यंत्रे यांचे वाचकांना फारसे कौतुक वाटण्याजोगे काही राहिले नव्हते. त्या कवीची फुले मात्र अजून ताजी होती.